लाल दिव्यावर गेलेली उडी

बबन दारातून गेला तेव्हा दिवा लालच होता.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो, पण मान मागच्या मुलाकडे वळवलेली. परत वळून बघतो तर दार रिकामं. वरच्या तारेत अडकवलेला त्याचा पट्टा तेवढा दाराबाहेर ताणलेला. दिव्याकडे बघितलं. लाल. हिरवा व्हायला अजून बारा सेकंद तरी होते.

बारा सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण आमचं डाकोटा विमान उडीच्या वेळी कितीही हळू चालवलं तरी सेकंदाला दीडशे फूट पुढे जायचं. तुम्हीच हिशेब करा. बबन मैदानाच्या जवळजवळ दोन हजार फूट अलीकडे उतरणार होता. मैदानाच्या कडेला काय काय आहे ते मला ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी मीच तिथे पायी फिरलो होतो. 

आधी थोडं मागचं सांगतो. मी हवाईदलात पॅराशूटची उडी शिकवायचो. हुद्दा वॉरंट ऑफिसर, आडनाव घुगे, गाव दुसरबीड. मुलं मला उस्ताद म्हणत. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली पोरं फौजेकडे वळावीत म्हणून मलकापूरला उडीचं प्रात्यक्षिक करावं असं वर कुठेतरी ठरलं. त्यात कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की उडी मारणारी सहाही मुलं वऱ्हाडातलीच असावीत, म्हणजे लोकांना आपलेपणा वाटेल. निवड माझ्याकडे आली. सहाही जणांच्या शाळेतल्या उड्या पुऱ्या झाल्या होत्या. पण आमच्या शाळेचं मैदान म्हणजे मैलभर मोकळी, भुसभुशीत जमीन. त्याबाहेर यांतल्या एकानंही पाय टेकवला नव्हता.

मी स्वभावानं घोर लावून घेणारा. बायको म्हणायची, "तुमी जेवाले बसले तरी ताटाले बक्कल हाय का पाह्यता." म्हणू दे. या धंद्यात बिनघोर माणसाचा फोटो लवकर भिंतीवर लागतो.

आमच्या उडीत मुलानं स्वतः छत्री उघडायची नसते. एका लांब पट्ट्याचं एक टोक पाठीवरच्या छत्रीला असतं, दुसऱ्या टोकाला हुक. तो हुक विमानाच्या छताजवळच्या तारेत अडकवायचा. माणूस खाली पडला की पट्टा ताणतो आणि छत्री ओढून बाहेर काढतो. हुक लागला नसेल तर पट्टा माणसामागे नुसताच खाली जातो आणि छत्री उघडत नाही. छातीवर दुसरी लहान छत्री असते खरी, पण हजार-बाराशे फुटांवरून पडताना ती उघडायला किती वेळ मिळतो ते न विचारलेलं बरं. म्हणून मी प्रत्येक हुक डोळ्यानं बघायचो, हातानं ओढायचो आणि वर तोंडानंही विचारायचो.

मलकापूरसाठी छत्र्या निवडतानाही मी डोकं खाजवलं. आमच्याकडे दोन प्रकार होते. मोठी नवी छत्री हळू उतरायची, पण हलक्या माणसाला वाऱ्याबरोबर लांब घेऊन जायची. लहान जुनी छत्री जरा जोरात आपटायची, पण सरळ खाली आणायची. बबन तायडे नांदुऱ्याकडचा, अंगानं काटकुळा. मोठी दिली तर पोरगं थेट रेल्वेच्या तारांवर जाऊन बसेल असं मला वाटलं. लहान दिली. बाकीच्या पाचांना मोठी.

मग विहिरी. आमच्या भागातल्या मळ्यांत पावलापावलावर विहीर, आणि बहुतेकींना कठडा नसतो. शाळेत शिकवतात तार, झाड, पाणी, छप्पर यांपासून सांभाळा. विहिरीचं नाव कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी आदल्या दिवशी गावच्या कोतवालाला बरोबर घेऊन मैदानाच्या कडेपासून हजार फुटांपर्यंत फिरलो. नऊ विहिरी निघाल्या. नऊही विहिरींवर बांबूचे तट्टे टाकून घेतले, भोवती चुन्याचे गोल काढले.

आमचे साहेब, करमरकर, मैदानावर खुर्च्यांची रांग बघायला आले होते. पुण्याचे. कामाला वाघ, पण बोलणं तिरकस.

"घुगे, तुम्ही उड्या घ्यायला आलात की विहिरी मोजायला?"

"दोन्ही, साहेब. आणि सहा लाइफ जॅकेट मिळाली असती तर..."

"बुलढाणा जिल्ह्यात समुद्र कधी आला?"

जॅकेट मिळाली नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. त्या जॅकेटनी दारात अडचण होते. मी मग मुलांना पाण्यावर उतरायचा धडा तोंडी दिला. छातीवर एक गोल लोखंडी पेटी असते. ती फिरवून बुक्की मारली की सगळे पट्टे एकदम सुटतात. नियम एकच. पायाला पाणी लागल्याशिवाय त्या पेटीला हात लावायचा नाही. वरून पाणी जवळ दिसतं आणि माणूस पन्नास फुटांवरून सुटून पडतो. हे मी सहाही जणांकडून तीन-तीनदा म्हणवून घेतलं. बबन वैतागून म्हणाला, "उस्ताद, इथं प्याले पानी भेटत नाई आन् तुमी बुडाचं सांगून राह्यले."

विमान अकोल्याच्या धावपट्टीवरून उडालं. सकाळची वेळ, वारा बेताचा. मैदान लहान म्हणून प्रत्येक फेरीला एकच मुलगा सोडायचा ठरलं होतं. पहिला मुलगा व्यवस्थित गेला आणि मैदानाच्या मधोमध उतरला. खाली माणसांची गर्दी काळ्या ढेपेसारखी दिसत होती. विमान वळून परत आलं. लाल दिवा लागला. बबन दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागे रफीक शेख, मलकापुरातल्याच शिंप्याचा मुलगा.

आता दारातला कायदा सांगतो. लाल दिवा म्हणजे तयार राहा. हिरवा म्हणजे जा. पण दारातला मुलगा दिव्याकडे बघत नाही. त्यानं समोर क्षितिजाकडे बघायचं असतं. खाली बघितलं की पाय अडखळतो. दिवा मी बघायचा, आणि हिरवा लागला की ओरडायचं, "गो!" या एका शब्दावर तो जातो. विचार न करता जायचं, हेच तर आम्ही महिनोन्महिने शिकवतो.

लाल लागल्यावर माझी नजर रफीकच्या हुकाकडे गेली. त्याची पाळी पुढच्या फेरीला. मी थांबलो असतो तर चाललं असतं. पण मला तो हुक वाकडा दिसला, आणि दिसला म्हणजे विचारल्याशिवाय मला राहवेना.

"हुक नीट लागला का रे?"

"हो!" रफीक ओरडला.

आणि बबन गेला.

त्या क्षणी मला काही कळलं नाही. मी पायलटला माइकवर सांगितलं, "नंबर टू गेला. लालवर गेला." पायलटनं एक शिवी दिली आणि विमान वळवायला घेतलं. मी बाकीच्या चौघांना तारेपासून सोडवून बाकावर बसवलं. दारातून परत येईपर्यंत रफीकचा चेहरा पांढरा पडला होता.

"उस्ताद, तो काऊन गेला?"

"तू काही बोललास का त्याला?"

"नाई ना उस्ताद. तुमी इचारलं, म्या फकस्त हो म्हटलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. डाकोटाचं दार उघडं असलं की इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज एवढा असतो की शब्दाचं सुरुवातीचं अक्षर वारा खाऊन टाकतो. कानावर हेल्मेट. मागून जोरात आलेला 'हो' आणि जोरात आलेला 'गो', दोन्हींचा फक्त 'ओ' उरतो. बबननं ओ ऐकला आणि शिकवल्याप्रमाणे विचार न करता गेला. गुणी पोरगं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे रफीक काही जन्मानं 'हो' म्हणणारा नव्हता. मलकापुरात होकाराला 'हाव' म्हणतात. सहाच्या सहा जण 'हाव उस्ताद, हाव उस्ताद' करायचे. मी ते मोडून काढलं होतं. अधिकाऱ्यांसमोर गावंढळ वाटतं म्हणून. जो हाव म्हणेल त्याला मैदानाला दोन चकरा. महिनाभरात पोरं हो म्हणायला लागली आणि मला अभिमान वाटला होता. 'हाव' इंजिनाच्या आवाजात कसाही ऐकला तरी त्याचा 'गो' होत नाही.

विमान वळून त्या जागेवर आलं. मी दारात पालथा पडून खाली बघत होतो. नळगंगा नदीच्या अंगाला हिरवे तुकडे, मिरची असावी, आणि एका तुकड्याच्या कोपऱ्यात पांढरी छत्री.

पायलट उत्तरेकडचा. त्यालाही ती दिसली. "कॅनपी खाली आहे. सेफली डाउन," तो म्हणाला.

मला ते पटेना. छत्री जमिनीवर पडली की कोलमडते, थोडा वारा असला की फुगते, घसरते, आणि शेजारी माणूस उभा राहून ती गोळा करत असतो. ही हलत नव्हती. शेजारी कोणी नव्हतं. कडा ताणलेल्या आणि मध्ये खोलगट, माठाच्या तोंडावर फडकं टाकावं तशी. एका कडेला ती लाकडी खांबांना अडकली होती. आणि त्या खांबांपासून एक रुंद उतरती वाट निघाली होती, तिच्यावर बैलजोडी उभी. ती वाट म्हणजे धाव. मोट ओढताना बैल तिच्यावरून खाली चालत जातात, आणि तिकडे चामड्याची मोट पाणी भरून वर येते. मी लहानपणी अशाच धावेवर बैल हाकले होते.

"सर, तो विहिरीत आहे," मी म्हणालो.

"कशावरून?"

"मी इथलाच आहे, सर."

दहावी विहीर. माझे हजार फूट जिथे संपले त्याच्या पलीकडची.

आता काय करायचं? माझ्या पाठीवर छत्री होती. मिनिटभरात मी त्या मळ्यात उतरलो असतो. हे मनात आलं नाही असं म्हणणार नाही. पाय दाराच्या कडेपर्यंत गेलेही. पण विमानात चार मुलं होती, एक दार उघडं होतं आणि ते सांभाळणारा मी एकटाच होतो. तेवढ्यात रफीक बाकावरून उठून दाराकडे आला. "मले सोडा तिथं उस्ताद, मले पोहता येते." त्याच्या पट्ट्याचा हुक कुठेच लावलेला नव्हता. मी त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि खाली बसवलं. मग दार लावून घेतलं. ते दार लावताना मला जे वाटलं ते अजून कधीकधी वाटतं.

खालच्या लोकांशी आमचा वायरलेस नव्हता. जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या मांडून ते खूण करायचे, आणि आम्हाला काही सांगायचं झालं तर वाळू भरलेली पिशवी. तिला लांब तांबडी शेपटी असते आणि आत चिठ्ठी. मी पेन्सिलीनं लिहिलं, "माणूस विहिरीत. नळगंगेकडचा मिरचीचा मळा, दोन निंब. दोर घेऊन पळा." मुद्दाम मराठीत. साहेबांच्या हातात पिशवी पडायच्या आधी गर्दीच्या हातात पडणार हे मला माहीत होतं, आणि गर्दीला इंग्रजी वाचायला वेळ लागला असता. दार पुन्हा उघडलं, पिशवी मैदानावर टाकली, आणि विमान अकोल्याकडे फिरलं.

पुढचे तीन तास कसे गेले ते विचारू नका. अकोल्याला उतरलो, जीप घेतली, चारही मुलांना मागे कोंबलं. बाळापूर, खामगाव, नांदुरा. रस्ता नेहमीचाच, पण प्रत्येक बैलगाडी आडवी येत होती. नांदुऱ्यातून जाताना बबनचं घर कुठल्या बाजूला ते मी रफीकला विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. माझ्या डोक्यात एकच चक्र. लहान छत्री का दिली? मोठी दिली असती तर वाऱ्यानं विहिरीपलीकडे नेलं असतं. जुनं कापड. खांबाला अडकून किती वेळ टिकेल? पेटीवर बुक्की मारली असेल का? मारली असेल तर बूट, पट्टे, छातीवरची छत्री घेऊन थेट तळाला.

मळा सापडला. गर्दी नव्हती. मिरची मात्र पार तुडवलेली. विहिरीच्या खांबावर छत्रीचं एक फाटकं टोक लोंबत होतं. धावेच्या कडेला एक बाई बैलांना कडबा टाकत होती. पन्नाशीची, पदर खोचलेला. मी जवळ गेलो आणि मला विचारायचं धाडस होईना.

तिनंच माझ्या वर्दीकडे बघितलं. "तुमचंच का हो ते पोरगं?"

"हो. तो..."

"हाय जित्ता. दवाखान्यात नेलं."

मी तिथेच धावेवर खाली बसलो. बाईनं पितळेच्या तांब्यात पाणी दिलं आणि सांगायला लागली. तिचं नाव कौसाबाई. ती मोट हाकत होती. वरून काहीतरी आलं, खांबावर धाडकन आपटलं आणि विहिरीवर अंधार झाला. आधी ती ओरडत पळाली, मग परत आली. छत्री खांबाला गुंतलेली आणि पोरगं आत लोंबकळत होतं, पाण्याच्या पुरुषभर वर.

"म्या म्हटलं, सोडव बे सोताले, पानी हाय खाली, जास्त खोल नाई. तं तो म्हने, पायाले पानी लागल्याबिगर पेटीले हात लावाचा नाई. उस्तादानं सांगतलं हाय. म्या म्हटलं, तुया उस्ताद हाय कुठं? तं त्यानं वर बोट दाखवलं." कौसाबाई हसली. "मले वाटलं, देवाचं मनून राह्यला."

मला हसूही आलं आणि रडूही. मी दोन्ही केलं. मुलं बघत होती, बघू दे म्हटलं.

पाणी खोल नाही हे तिचं म्हणणं तिच्यापुरतं खरं होतं. मी नंतर मोजून घेतलं, दोन पुरुष होतं. बबनला पोहता येत नव्हतं. माझा नियम पाळून तो जिवंत राहिला हे मी स्वतःला बराच काळ सांगत होतो.

कौसाबाईनं रिकामी मोट आत सोडली. बबनला सांगितलं, मोटेत पाय टाक, नाडा दोन्ही हातांनी धर, मग काय सोडवाचं ते सोडव. त्यानं तसं केलं. बैल भरल्या मोटेची सवय असलेले. तिनं त्यांना पाऊल-पाऊल चालवलं. पोरगं निम्म्यावर आलं असेल-नसेल, तेवढ्यात मैदानाकडून हजार माणसं दोर, शिड्या, खाटा घेऊन धावत आली. माझी चिठ्ठी त्यांना पोचली होती. सगळे विहिरीच्या काठावर एकदम वाकले. काठ मातीचा. एक दगड सुटला आणि बबनच्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं.

"त्यायले कोनी सांगतलं होतं यायले?" कौसाबाई म्हणाली. "माह्या बैलायनं आनलं असतं त्याले शिस्तीत."

कोणी सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं नाही.

दवाखान्यात बबन खाटेवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. मला बघून उठायला लागला. मी त्याला दाबून बसवलं.

"उस्ताद, माहं चुकलं का? मले गो आयकू आलं."

"नाही. तुझं नाही चुकलं."

"मंग कोनाचं?"

रफीक माझ्या मागे उभा होता. तो पुढे येईना. मी बबनच्या पायावर हात ठेवला, थोपटला आणि बाहेर आलो. उत्तर द्यायची जागा ती नव्हती, असं मी स्वतःला समजावलं.

ती जागा दुपारी मिळाली. डाक बंगल्याच्या व्हरांड्यात साहेबांनी चौकशी लावली. टेबल, कागद, आम्ही पाच जण रांगेत. करमरकर साहेब चिडलेले नव्हते, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

"गो कोण म्हणालं?"

रफीक एक पाऊल पुढे आला. "मी बोललो साहेब."

"तू गो म्हणालास?"

"नाही साहेब. हो म्हणालो. बबनला गो ऐकू आलं."

"विमानात फक्त 'ओके' म्हणायचं असतं. शाळेत शिकवलं नव्हतं?"

 रफीकनं माझ्याकडे डोळा वळवूनही बघितलं नाही. मी प्रश्न मराठीत विचारला होता, एवढं जरी तो बोलला असता तरी चाललं असतं. तो बोलणार नव्हता. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. ते काय असणार हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. युनिटला परत. म्हणजे छातीवरचा पंखांचा बिल्ला काढून घेणार, आणि तो पुन्हा कधी मिळत नाही. शिंप्याच्या घरात त्या बिल्ल्यासाठी वेगळा शर्ट शिवून ठेवलेला मी स्वतः बघितला होता.

मी गप्प बसलो असतो तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. सात-आठ सेकंद मी गप्प बसलोही. हे लिहिताना लाज वाटते, पण बसलो.

मग म्हणालो, "साहेब, प्रश्न मी विचारला. लाल दिवा असताना, दाराकडे पाठ करून, मराठीत. आणि 'हो' मीच शिकवला."

"म्हणजे?"

"ही मुलं हाव म्हणतात, साहेब. मी ते मोडून काढलं. हाव म्हणणाऱ्याला शिक्षा केली. तो आपल्या सवयीनं हाव म्हणाला असता तर बबन गेला नसता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पण का? हाव मध्ये काय वाईट होतं?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. वर्षभरापूर्वी मेसच्या व्हरांड्यात त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हाव साहेब." ते हसले. बरोबरच्या दोघांना त्यांनी ते म्हणून दाखवलं, "हाव साहेब, हाव साहेब." तेही हसले. गंमत होती, त्यात खोट नव्हती. साहेब ते तिथेच विसरले. मी मात्र त्या दिवसापासून तो शब्द तोंडातून हद्दपार केला, आणि मग माझ्या मुलांच्या तोंडातूनही.

"काही वाईट नव्हतं, साहेब," मी म्हणालो.

अहवालात चूक माझ्या नावावर लागली, आणि ती बरोबर लागली. सहा महिने मला विमानाच्या दारापासून दूर ठेवलं. छत्र्यांच्या घड्या घालायच्या शेडमध्ये बसवलं. रफीकचा बिल्ला राहिला. बबनचं हाड जरा वाकडंच जुळलं, पण जुळलं. पावसाळा संपल्यावर त्यानं पुन्हा उडी मारली. कौसाबाईच्या मिरचीची भरपाई द्यावी म्हणून मी अर्ज केला. तो कुठल्या टेबलावर आहे ते मला अजून कळलेलं नाही. आणि आमच्या शाळेत नवा हुकूम निघाला. दारात मुलगा उभा असताना विमानात कोणीही, कुठल्याही भाषेत, तोंड उघडायचं नाही. मागच्यांनी हुक ठीक असल्याची खूण अंगठ्यानं करायची. 'गो'च्या जागी इन्स्ट्रक्टरची खांद्यावर थाप.

नव्या इन्स्ट्रक्टरांना मी निवृत्त होईपर्यंत एवढंच सांगत आलो, की पोरांची बोली सुधारायची हौस असेल तर ती जमिनीवर भागवून घ्यावी. मी स्वतः त्यानंतर जमिनीवरही भागवली नाही.